पक्षाघातात एमआरआय कशासाठी करतात? सीटी नॉर्मल असूनही पक्षाघात कसा असतो?

सकाळी चहा पिताना वडिलांच्या हातातून कप पडला. उजवा हात उचलेना, बोलणे अडखळू लागले. घरच्यांनी तासाभरात रुग्णालय गाठले. सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी सांगितले, ‘‘सीटीत विशेष काही दिसत नाही, पण हा पक्षाघातच आहे. लगेच उपचार सुरू करावे लागतील.’’ दुसऱ्या दिवशी एमआरआय करायला सांगितले.

अशा वेळी नातेवाइकांच्या मनात दोन प्रश्न हमखास येतात. सीटी नॉर्मल असेल तर हा पक्षाघात कसा? आणि एमआरआय करायचाच होता, तर आधी सीटी कशाला केला?

थोडक्यात उत्तर असे: पहिल्या काही तासांत सीटीचे मुख्य काम मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहण्याचे असते. रक्तपुरवठा थांबून मेंदूचा नेमका कोणता भाग दुखावला, तो किती वेळापूर्वी दुखावला आणि कशामुळे, हे एमआरआय अधिक स्पष्टपणे सांगतो. दोन्ही तपासण्यांचे काम वेगळे आहे. मात्र एमआरआयसाठी तातडीचा उपचार थांबवून ठेवायचा नसतो.

रक्तपुरवठा थांबला की मेंदूत काय होते?

पक्षाघात, म्हणजेच ब्रेन स्ट्रोक, प्रामुख्याने दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात मेंदूतील रक्तवाहिनी फुटते आणि रक्तस्राव होतो. दुसऱ्या प्रकारात रक्ताच्या गुठळीमुळे किंवा चरबीच्या थरामुळे रक्तवाहिनी बंद होते. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. पक्षाघाताच्या पाचपैकी साधारण चार रुग्णांमध्ये हाच प्रकार आढळतो.

मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. पण बंद पडलेल्या वाहिनीच्या टापूतील सगळा मेंदू एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर मरतो. त्याच्या भोवतीचा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याशा रक्तावर काही तास तग धरतो. हा भाग काम करत नाही, पण जिवंत असतो. वेळेत रक्तपुरवठा सुरू झाला तर तो वाचतो. पक्षाघाताच्या उपचारातील सगळी धावपळ याच भागासाठी असते.

आधी सीटीच का करतात?

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेंदूत रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जीवघेणे ठरू शकते. म्हणून ते देण्यापूर्वी रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. ताजा रक्तस्राव सीटीत पांढराशुभ्र दिसतो आणि तपासणी काही मिनिटांत संपते. बहुतेक रुग्णालयांत सीटी चोवीस तास उपलब्ध असतो. पेसमेकर असलेल्या किंवा अस्वस्थ रुग्णाचाही तो करता येतो.

रक्तपुरवठा थांबलेला भाग मात्र पहिल्या काही तासांत सीटीत अनेकदा ओळखू येत नाही. पक्षाघाताचा संशय असलेल्या ३५६ रुग्णांचा सीटी आणि एमआरआय दोन्ही करून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ताजा इस्केमिक पक्षाघात एमआरआयमध्ये ४६ टक्के रुग्णांत दिसला, तर सीटीमध्ये फक्त १० टक्के रुग्णांत.

म्हणजे सुरुवातीचा ‘नॉर्मल’ सीटी पक्षाघात नाकारत नाही. उलट लवकर पोहोचलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चांगली बातमी असते. रक्तस्राव नाही आणि मोठा भाग अजून मेलेला दिसत नाही, असा त्याचा अर्थ होतो. ‘‘सीटीत काही नाही, मग एमआरआय होईपर्यंत इंजेक्शन नको,’’ असा आग्रह कुटुंबाने धरू नये. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

एमआरआयमध्ये नेमके काय दिसते?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या मदतीने शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनचे संकेत टिपले जातात आणि संगणक त्यांची चित्रे तयार करतो. एकाच तपासणीत वेगवेगळ्या प्रकारची चित्रे घेतली जातात.

• डिफ्यूजन चित्रे: पक्षाघातात सर्वांत महत्त्वाची हीच. मेंदूतील पाण्याचे कण एरवी पेशींच्या मधल्या जागेत बऱ्यापैकी मोकळे फिरतात. रक्त थांबले की पेशींची ऊर्जा संपते, पाणी पेशींत शिरते, पेशी फुगतात आणि कणांची हालचाल कोंडते. गर्दीच्या लोकलमध्ये पाऊल हलवता येत नाही, तसेच काहीसे. अशी कोंडी झालेला भाग या चित्रात पांढरा चमकतो. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी मांजरांवरील प्रयोगांत हा बदल फार लवकर दिसतो हे दाखवले आणि पक्षाघाताच्या निदानाला नवी दिशा मिळाली.

• एडीसी चित्रे: डिफ्यूजनमध्ये पांढरे दिसणारे सगळेच ताजे नसते. तोच भाग एडीसीमध्ये काळा दिसला तर तो अलीकडचा मानला जातो. साधारण आठवडा-दहा दिवसांनंतर हा काळेपणा ओसरतो.

• फ्लेअर चित्रे: पक्षाघाताची खूण येथे उमटायला सहसा काही तास लागतात. जुन्या जखमांचे पांढरे डागही यात दिसतात.

• रक्तस्राव शोधणारी चित्रे: रिपोर्टमध्ये यांना एसडब्ल्यूआय किंवा जीआरई म्हटलेले असते. यांत अगदी बारीक जुने रक्तस्रावही काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. रक्त पातळ करणारी औषधे निवडताना ही माहिती उपयोगी पडते.

• एमआर अँजिओग्राफी: मेंदूतील आणि मानेतील रक्तवाहिन्यांचा नकाशा. मेंदूतील वाहिन्यांसाठी बहुतेक वेळा इंजेक्शनची गरज लागत नाही.

• परफ्यूजन चित्रे: कोणत्या भागात रक्त कमी किंवा उशिरा पोहोचते आहे, ते यात कळते. मेलेला गाभा आणि वाचवण्याजोगा भाग यांची तुलना करता येते. ही चित्रे प्रत्येक रुग्णाला लागत नाहीत.

एमआरआयमुळे उपचार कुठे बदलतो?

झोपेतून उठताच लक्षणे दिसली तर

रात्री ठीक झोपलेला माणूस सकाळी लुळा हात घेऊन उठतो. पक्षाघात रात्री अकराला झाला की पहाटे पाचला, कोणालाच माहीत नसते. अशा वेळी डिफ्यूजन चित्रात डाग आहे पण फ्लेअरमध्ये अजून उमटलेला नाही, असे दिसले तर घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली आहे असे मानता येते. युरोपातील ५०३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) असे चित्र असलेल्या रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध दिले, तेव्हा तीन महिन्यांनी ५३ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ण बरे होते. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ४२ टक्के होते. औषध मिळालेल्या गटात मेंदूतील रक्तस्राव मात्र काहीसा अधिक होता. म्हणून हा निर्णय तज्ज्ञ प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करून घेतात.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल, तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गुठळी काढता येते. निवडक रुग्णांमध्ये हा उपचार २४ तासांपर्यंत उपयोगी ठरतो. ही निवड सीटी किंवा एमआरआयच्या चित्रांवरून केली जाते.

दहा मिनिटांत सगळे ठीक झाले तर

हात बधिर झाला, बोलणे थांबले आणि थोड्याच वेळात पूर्ववत झाले. यालाच मिनी स्ट्रोक किंवा टीआयए म्हणतात. ‘‘अशक्तपणा असेल, पित्त झाले असेल,’’ म्हणून घरी थांबणारे अनेक जण आहेत. पण लक्षणे पूर्ण गेलेल्या अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या डिफ्यूजन चित्रात मेंदूची ताजी इजा दिसते. अशांना पुढे मोठा पक्षाघात होण्याचा धोका अधिक असतो आणि पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. निदान वेळेत झाले तर योग्य औषधे सुरू करून हा धोका बराच कमी करता येतो.

चक्कर, तोल जाणे, दुहेरी दिसणे

मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघात झाला तर हातपाय लुळे पडतीलच असे नाही. अचानक जोराची चक्कर, उलट्या, चालताना तोल जाणे, एकाची दोन चित्रे दिसणे अशी लक्षणे असतात. हा भाग कवटीच्या जाड हाडांनी वेढलेला असल्याने सीटीत नीट दिसत नाही. येथे एमआरआयचा फायदा विशेष असतो.

पक्षाघातासारखे दिसणारे दुसरेच काही

फिट येऊन गेल्यावर काही काळ एक बाजू कमजोर राहू शकते. मायग्रेनमध्ये बोलणे अडखळू शकते. रक्तातील साखर फार कमी झाल्यानेही असे होऊ शकते, म्हणून ती सर्वांत आधी तपासतात. मेंदूतील गाठ किंवा संसर्ग एमआरआयमध्ये वेगळा ओळखता येतो. बाळंतपणानंतर तीव्र डोकेदुखी, फिट किंवा अशक्तपणा आल्यास मेंदूतील शिरांमध्ये गुठळी झाल्याची शंका घेतात. त्यासाठी एमआर व्हेनोग्राफी करतात.

कारण शोधण्यासाठी

डागांची जागा कारणाकडे बोट दाखवते. मेंदूच्या वेगवेगळ्या टापूंत एकाच वेळी ताजे डाग असतील तर गुठळ्या हृदयातून आल्याची शंका येते आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा शोध घेतला जातो. खोलवर एकच लहान डाग असेल तर उच्च रक्तदाब आणि मधुमेहाने खराब झालेली बारीक वाहिनी कारण असू शकते. एकाच बाजूच्या टापूत डाग असतील तर त्या बाजूची मानेतील किंवा मेंदूतील वाहिनी अरुंद झाली आहे का, हे पाहतात. मेंदूतील वाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण भारतीयांसह आशियाई लोकांत अधिक आढळते. मानेतील वाहिनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असून त्याच बाजूच्या मेंदूला इजा झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा फायदा सर्वाधिक मिळतो. ती शक्यतो दोन आठवड्यांत करावी लागते. म्हणून ‘पेशंट आता बरा आहे’ म्हणत पुढच्या तपासण्या लांबवू नयेत.

एमआरआयच्याही मर्यादा आहेत

पक्षाघात झालेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण सहा-सात जणांचे डिफ्यूजन चित्र सुरुवातीला नॉर्मल असते. मेंदूच्या मागच्या भागातील पक्षाघातात हे अधिक घडते. लक्षणे तशीच असतील तर डॉक्टर उपचार चालू ठेवून दोन-तीन दिवसांनी तपासणी पुन्हा करायला सांगू शकतात. एमआर अँजिओग्राफीत वाहिनी प्रत्यक्षापेक्षा अधिक अरुंद भासू शकते. रुग्ण हलला तर चित्रे धूसर येतात. शेवटी निदान रुग्णाची लक्षणे, डॉक्टरांची तपासणी आणि चित्रे या तिन्हींचा मेळ घालून केले जाते.

तपासणीपूर्वी: येथे तुमची जबाबदारी मोठी आहे

एमआरआयपूर्वी एक प्रश्नावली भरून घेतात. पक्षाघाताच्या रुग्णाला बोलता येत नसेल किंवा तो गोंधळलेला असेल, तर उत्तरे तुम्हालाच द्यायची असतात. घाईत ‘नाही, नाही’ असे लिहू नका. माहीत नसेल तर तसे सांगा, म्हणजे गरज पडल्यास एक्स-रे काढून खात्री करता येते. पुढील गोष्टी आवर्जून सांगा:

• पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले दुसरे यंत्र. काही नवे पेसमेकर विशिष्ट काळजी घेऊन चालतात. त्याचे कार्ड सोबत आणा.
• मेंदूच्या शस्त्रक्रियेत लावलेली क्लिप, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, औषधाचा पंप.
• हृदयातील स्टेंट, कृत्रिम झडप, गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा, हाडातील प्लेट किंवा रॉड. यांपैकी बहुतेक चालतात, पण सांगणे आवश्यक आहे.
• वेल्डिंग, लेथ किंवा ग्राइंडिंगचे काम करताना डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का.
• मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, पूर्वी इंजेक्शनची आलेली अ‍ॅलर्जी.
• गर्भारपण किंवा त्याची शक्यता. गरज असल्यास एमआरआय करता येतो, मात्र कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन शक्यतो टाळतात.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ किंवा चमकी, कानातले, हेअरपिन, घड्याळ, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, पट्टा, चाव्या, नाणी, मोबाइल आणि एटीएम कार्ड बाहेर ठेवा. जोडवी निघत नसतील तर आधीच सांगा. त्वचेवर औषधाची पट्टी लावलेली असेल तर तीही दाखवा.

यंत्राचा आवाज थांबला तरी चुंबक बंद झालेले नसते. ते सतत चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. म्हणून साधी चाकाची खुर्ची, स्ट्रेचर, सिलिंडर किंवा सलाइनचा स्टँड कोणीही सांगितले तरी स्वतः आत नेऊ नका. तंत्रज्ञाने तपासून परवानगी दिल्यावरच आत जा.

तपासणी कशी होते?

रुग्णाला सपाट टेबलावर झोपवून डोके एका चौकटीत ठेवतात आणि टेबल बोगद्यासारख्या यंत्रात सरकवतात. ठोकल्यासारखे मोठे आवाज येतात, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन देतात. तातडीची मोजकी चित्रे दहा-पंधरा मिनिटांत घेता येतात. संपूर्ण तपासणीला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. हातात घंटी दिलेली असते. लुळ्या हातात ती दाबता येणार नाही, म्हणून चांगल्या हातात द्यायला सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी कळवा. झोपेचे औषध सरसकट दिले जात नाही, कारण त्यामुळे रुग्णाची स्थिती बिघडते आहे का, हे ओळखणे अवघड होते.

पक्षाघाताच्या अनेक तपासण्या कॉन्ट्रास्टशिवाय होतात. तो लागला तर गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देतात. मूत्रपिंडे फार निकामी असतील तर ते देण्यापूर्वी विशेष विचार करावा लागतो.

रिपोर्टमधील नेहमीचे शब्द

• अक्यूट इन्फार्क्ट, रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन: रक्तपुरवठा थांबून झालेली ताजी इजा.
• क्रॉनिक किंवा ओल्ड इन्फार्क्ट, ग्लायोसिस: पूर्वी झालेल्या इजेची खूण. कधी कधी त्या वेळी काहीच लक्षण जाणवलेले नसते.
• लॅक्युनर इन्फार्क्ट: बारीक वाहिनी बंद पडून झालेला लहान डाग.
• एमसीए टेरिटरी: मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीचा टापू.
• स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकस ग्रेड: वय, रक्तदाब आणि मधुमेहामुळे बारीक वाहिन्यांवर झालेला परिणाम. ग्रेड ० ते ३ असते. साठीनंतर थोडे बदल अनेकांत दिसतात. हे वाचून घाबरू नका, पण रक्तदाब नक्की तपासा.
• मायक्रोब्लीड: अतिशय बारीक जुना रक्तस्राव.
• स्टेनोसिस, ऑक्लूजन: वाहिनी अरुंद होणे, पूर्ण बंद होणे.

नातेवाईक नेहमी विचारतात

डाग मोठा म्हणजे रुग्ण पुन्हा चालणार नाही का?
फक्त डागाच्या आकारावरून सांगता येत नाही. हालचालीच्या तंतूंवर पडलेला छोटा डाग पूर्ण हातपाय लुळे करू शकतो, तर दुसरीकडचा मोठा डाग त्यामानाने कमी त्रास देतो. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते आणि फिजिओथेरपीने ती वाढते.

डाग गेला का हे पाहायला पुन्हा एमआरआय करावा का?
सहसा गरज नसते. मेलेला भाग पूर्ववत होत नाही, त्याची खूण राहते. नवीन लक्षण आले किंवा उपचाराचा निर्णय अडला असेल तरच तपासणी पुन्हा करतात. तो खर्च आणि लक्ष रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांवर आणि तंबाखू-मिश्री सोडण्यावर द्यावे.

एमआरआयची सोय नसलेल्या गावात काय करावे?
एमआरआय शोधत फिरू नका. सीटी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जेथे मिळते, ते जवळचे रुग्णालय गाठा. लागल्यास तेथून पुढे पाठवतात.

ही लक्षणे दिसताच वेळ लिहून ठेवा

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात किंवा पाय कमजोर होणे, बोलणे अडखळणे किंवा न समजणे, अचानक दिसेनासे होणे, अचानक तोल जाणे. यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते. स्वतःहून अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव आहे की गुठळी, हे तपासणीशिवाय कळत नाही. मालिश, नाकात थेंब किंवा लकव्याचे गावठी औषध यांत वेळ घालवू नका.

आणि एक गोष्ट आठवून ठेवा: रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक कधी होता? कोणी पाहिले, कोणाशी फोनवर बोलला, किती वाजता? कोणत्याही यंत्राआधी डॉक्टर हाच प्रश्न विचारतात, आणि त्याचे सर्वांत खात्रीचे उत्तर घरच्यांकडेच असते.

ही माहिती आरोग्यशिक्षणासाठी आहे. आपल्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.